दुखणे जबड्याचे, शिक्षा दाढेला

कानाच्या पुढे ठणका लागतो, घास चावताना 'कट्' असा आवाज होतो, सकाळी उठल्यावर तोंड पुरते उघडत नाही, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "दाढ किडली असेल, काढून टाक." कित्येकदा ती खरोखरच किडलेली असते व मग दंतवैद्याचा इलाज योग्यच ठरतो. परंतु पुष्कळांच्या बाबतीत दाढ निर्दोष असते. ती काढली जाते, दुखणे मात्र जागच्या जागी राहते. मग संशय शेजारच्या दाढेवर जातो. वाचकांच्या घरी असा प्रकार घडू नये एवढ्यासाठी जबड्याच्या सांध्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडमीट करून पाहावे. बोटाखाली जे हलते तोच हा सांधा. दाराच्या बिजागरीप्रमाणे तो नुसता फिरत नाही; तोंड उघडू लागताच प्रथम जागच्या जागी फिरतो आणि मग पुढे सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. ती जागेवरून किंचित घसरली की तोंड उघडताना पुन्हा जागी येते व तो आवाज होतो. वेदना नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला औषध नको. शिवाय उजवा व डावा सांधा एकाच हाडाला जोडलेले; एका जुवाखालच्या बैलजोडीप्रमाणे एक लंगडला की दुसऱ्यावर भार आलाच.

तथापि सांध्यापेक्षाही अधिक वेळा दुखतात ते गालातील व कानशिलावरील स्नायू. रागावलेला मनुष्य दातओठ खातो असे आपण म्हणतो. पण काळजीने ग्रासलेला मनुष्यही दिवसभर दात आवळून बसतो आणि रात्री झोपेत दात खातो, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. मुठी आवळून ठेवल्या तर हात दुखावयाचाच, जबड्याचे तेच. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

दातांवर दोष ढकलण्याची चूक केवळ आपल्या वडीलधाऱ्यांचीच नव्हे. १९३४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी असे मांडले की, दाढा पडल्यामुळे जबडा अधिक मिटतो व सांध्यावर दाब पडून वेदना होतात. शरीररचनेच्या अभ्यासकांनी ही उपपत्ती पुढे खोडून काढली. तरीही दात घासून, 'बसणी' सुधारून जबडा बरा करण्याचा प्रघात कित्येक दशके चालू राहिला. १९८० च्या दशकात तर अमेरिकेत सांध्यातील चकती काढून तेथे टेफ्लॉनचा कृत्रिम तुकडा बसविण्यात येऊ लागला. तो झिजून त्याचे कण आजूबाजूचे हाड खाऊ लागले, आणि १९९० मध्ये तेथील सरकारी औषध-प्रशासनाला धोक्याची सूचना काढावी लागली. घासलेला दात वा कापलेला सांधा पूर्ववत् होत नाही, हे त्या रुग्णांना फार उशिरा कळले.

डिसेंबर २०२३ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा जुनाट वेदनेसंबंधी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध झाल्या. त्यांत वरचे स्थान मिळाले ते देखरेखीखालील जबड्याच्या व्यायामाला, हाताने केलेल्या उपचाराला, मानेची व पाठीची ठेवण सुधारण्याला आणि मनावरचा ताण हाताळण्यास शिकविणाऱ्या समुपदेशनाला. चकती काढण्याची शस्त्रक्रिया करू नये, असे त्यांत स्पष्ट बजावले आहे.

फिजिओथेरपिस्ट प्रथम तोंड किती उघडते ते मोजतात. आपली स्वतःची तीन बोटे उभी मावली तर सामान्यतः ठीक समजावे. मग हातमोजा घालून, खालच्या दाढांवर अंगठा टेकवून ते सांधा हलकेच खाली व पुढे ओढतात, गालाचे ताठरलेले स्नायू दाबून सैल करतात आणि मानही तपासतात. चिली देशाचे फिजिओथेरपिस्ट मारिआनो रोकाबादो यांनी सहा व्यायामांचा एक क्रम बसविला; प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहादा. त्यातील पहिला धडा घरी कोणालाही करता येईल. 'न' उच्चारताना जीभ जेथे टेकते तेथे ती ठेवावी, ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे. जीभ टाळूवर तशीच ठेवून, ती सुटणार नाही इतकेच तोंड सावकाश उघडावे व मिटावे. दुखेपर्यंत ताणू नये. अधिक ताणले म्हणजे अधिक गुण, हा समज येथे घातक आहे. गालावर दहा-पंधरा मिनिटे ओल्या गरम फडक्याचा शेक द्यावा. काही दिवस पेज, मऊ भात, खिचडी घ्यावी. दाताने ऊस सोलणे आणि चणे फोडणे बंद. फोन खांदा व कान यांच्यात दाबून बोलण्याची सवयही सोडावी. गुण काही आठवड्यांत येतो, दोन दिवसांत नव्हे.

मात्र काही वेळा व्यायाम करीत घरी बसणे धोक्याचे असते. सुपारी किंवा गुटखा चघळणाऱ्याचे तोंड हळूहळू आखडत चालले, तिखट झोंबू लागले, गाल आतून पांढुरके व ताठ झाले, तर तो सांध्याचा रोग नव्हे. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. जखम होऊन काही दिवसांनी दातखीळ बसली तर धनुर्वाताच्या भीतीने तात्काळ इस्पितळ गाठावे. चालताना जबडा दुखून छाती आवळली, घाम सुटला, तर ती हृदयाची हाक असू शकते. पन्नाशीनंतर चावताना जबडा थकू लागला, कानशील दुखू लागले आणि नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्तवाहिनीच्या दाहाने दृष्टी जाते.

उरली गोष्ट जबडा निखळण्याची. मोठी जांभई देताना तोंड वासलेलेच राहते व मिटत नाही, घरात रडारड होते. सुश्रुतसंहितेत अशा सांध्यावर शेक देऊन, हाड जागी बसवून 'पंचांगी' नावाची पट्टी बांधण्यास सांगितले आहे. आजचे डॉक्टरही खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा खाली व मागे दाबून जागी बसवितात. हे काम घरच्या माणसाने करू नये. जबडा झटक्याने मिटतो आणि अंगठे सापडतात. एकदा निखळलेला जबडा पुन्हा निखळतो. म्हणून पुढचे काही आठवडे लहान घास घ्यावेत आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी.