जुन्या फियाटचे इंजिन : आधी मोजा, मग खोला

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी येऊन उभी राहिली की तिच्याभोवती चार मित्र हटकून जमतात. थोड्या वेळाने प्रश्न येतोच, "हिचे इंजिन बांधून जरा जोरदार करता येईल का? खर्च फार येतो का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर एकदा लिहूनच काढावे असे वाटले. हे उत्तर मी फुकट शिकलेलो नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

आमची पद्मिनी १९८५ सालची, काकांनी हौसेने घेतलेली. काका गेल्यावर ती दोन वर्षे अंगणात झाकून होती. मग एक दिवस काकू म्हणाली, "गाडी विकू नका रे. चालू करा. मला तिच्यातून एकदा बीदरला झरणी नरसिंहाला जायचं आहे." पेन्शनमधून साठवलेली रक्कम तिने चुलतभावाच्या हाती दिली. आम्ही दोघांनी त्या पैशांतून मोठा जुना कार्ब्युरेटर आणि दमदार आवाजाचा सायलेन्सर घेतला, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या आणि रेडिएटरला हातही लावला नाही. एप्रिलच्या उन्हात सदाशिवपेठ मागे टाकले आणि पाणी उकळले. हेड गॅस्केट गेले, हेड वाकले. काकू रस्त्याकडेच्या लिंबाखाली दोन तास बसून होती. शेवटी तिला बसने घरी आणले. ती एक शब्दही बोलली नाही, आणि आम्हाला तेच जास्त लागले.

दुसऱ्या वेळी एका वयस्क मिस्त्रीकडे गेलो. आम्ही पाने काढून इंजिनाला हात घालणार तोच तो आपल्या दखनीत म्हणाला, "अभी खोलो नक्को मियाँ, पहले नापो." या लेखात जे सांगायचे आहे ते सारे या एका वाक्यात आले. थोड्या पैशांत जोर हवा असेल तर नवा जोर विकत घेण्याआधी हरवलेला जोर परत मिळवावा. तो अधिक स्वस्त पडतो आणि टिकतो.

गाडी कोणती?

मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली. तिलाच १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये गेल्या. इंजिन चार सिलिंडरचे, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ घनसेंटिमीटर. नवेपणी त्याची ताकद चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास होती. चाळीस वर्षे चाललेल्या इंजिनात त्यातली बरीच उरलेली नसते.

मापे कोणती घ्यावीत?

सर्वांत उपयोगी चाचणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करावे, चारही प्लग काढावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर पाहावा. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहावे. दाब वाढला तर दोष रिंगा किंवा बोअरचा. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर गॅस्केटचा संशय घ्यावा.

धूरही बोलतो. उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत, चढावर सतत आला तर रिंगा. गरम इंजिनात ऑइलचा दाब पडत असेल तर क्रँकच्या बेअरिंगकडे पाहावे. या तपासणीला एक रविवार लागतो आणि खर्च जवळजवळ नाही. पण पुढचे हजारो रुपये कुठे घालायचे ते तीच ठरवते.

बोअर केल्याने ताकद वाढते का?

अनेकांचा समज असा की बोअर मोठा केला की गाडी पळते. हिशेब करून पाहू. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून ६८.५ केला तर इंजिन १०८९ वरून सुमारे ११०६ घनसेंटिमीटर होते. वाढ अवघी दीड टक्का. म्हणजे बोअर करण्याचा खरा फायदा आकाराचा नाही. घासून लंबगोल झालेला सिलिंडर पुन्हा गोल होतो, रिंगा नीट बसतात आणि दाब निसटत नाही, हा तो फायदा.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. आधी पिस्टन विकत घ्यावेत, मग ते मोजून त्यांच्या मापाने लेथवाल्याकडून बोअर करून घ्यावा. राणीगंजच्या बाजारात सुटे भाग मिळतात, पण जुन्या साठ्यातल्या प्रत्येक नगाचे माप छापल्याप्रमाणे असतेच असे नाही. आधी बोअर करून नंतर पिस्टन शोधत हिंडणे म्हणजे घोड्याआधी नाल घेण्यासारखे आहे.

कॉम्प्रेशन रेशो वाढवण्याचेही तसेच. समजा तो ७.३ आहे आणि हेड घासून तो ८ केला. सूत्राप्रमाणे इंजिनाची कार्यक्षमता सुमारे तीन टक्के वाढते. चाळीस अश्वशक्तीत ही सव्वा अश्वशक्ती झाली. हेड वाकले असेल तर ते सपाट करावेच लागते, त्यात ही थोडी वाढ आपोआप मिळते. मात्र हाव धरून जास्त घासले तर मे महिन्यात इंजिन ठोकू लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. हवा विरळ असल्याने किनारपट्टीच्या तुलनेत येथे कार्ब्युरेटरच्या इंजिनाची पाचेक टक्के ताकद कमीच भरते. ती गाडीची चूक नव्हे.

स्वस्त आणि मस्त

कमी खर्चात फरक जाणवतो तो पुढील कामांनी. व्हॉल्व्ह आणि सीट नीट घासून बसवणे. मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि हेडची भोके एकमेकांशी जुळवून हवेच्या वाटेतली पायरी काढून टाकणे. चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तराजूत घालून एक-दोन ग्रॅमच्या फरकात आणणे. डिस्ट्रिब्यूटरचे झिजलेले भाग बदलून टायमिंग अचूक लावणे. यातल्या बहुतेक कामांत पैशांपेक्षा वेळ आणि चिकाटी लागते, आणि ती विद्यार्थ्यांकडे असते.

पेट्रोलही आता बदलले आहे. २००० च्या फेब्रुवारीपासून देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे जुन्या व्हॉल्व्ह सीटचे रक्षण करीत असे, म्हणून हेड उघडलेच आहे तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. अलीकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर फुगवते आणि मिश्रण विरळ करते. विरळ मिश्रणाने इंजिन जास्त तापते. तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलावा, आणि प्लगचा रंग पाहून गरज वाटल्यास कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा घ्यावा. रेडिएटर उघडून सळईने साफ करून घेणे तर पहिल्या दिवशीचे काम. आमची फजिती तिथेच झाली होती.

शंभर रुपयांचा हिशेब

एकूण रक्कम कितीही असो, तिचे शंभर भाग करावेत. लेथ आणि घासकामाला पस्तीस, पिस्टन-रिंगा-बेअरिंग-गॅस्केटला पंचवीस, रेडिएटर, पेट्रोल आणि इग्निशनला दहा, ब्रेकना दहा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वेग वाढवून ब्रेक तसेच ठेवणे हा अविचार होय. उरलेले वीस हातात राखून ठेवावेत. इंजिन उघडल्यावर क्रँकला चीर सापडणार नाही याची खात्री कोणी देत नाही. शेवटी हे वीस शिल्लक राहिले तरच कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचा विचार करावा. आम्ही पहिल्या खेपेस नेमके शेवटून सुरुवात केली होती.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. म्हणून दुसऱ्या गाडीचे इंजिन परस्पर बसवण्याचा मोह टाळावा. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी वेळेवर नवी करून घ्यावी आणि घासकामात ब्लॉकवरचा इंजिन नंबर पुसला जाणार नाही हे पाहावे.

बांधलेले इंजिन पहिले हजार किलोमीटर जपून चालवावे. फार पळवू नये, पण एकाच संथ गतीने रेंगाळतही ठेवू नये. रिंगा बसायला थोडा चढउतार लागतो. पहिले ऑइल पाचशे किलोमीटरला बदलावे.

आमच्या हिशेबातले वीस रुपये क्रँक घासण्यात आणि नव्या वॉटर पंपात संपले. मोठा कार्ब्युरेटर अजून माळ्यावर पडून आहे. पण गेल्या हिवाळ्यात जहिराबादमार्गे आम्ही बीदर गाठले. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. झरणीच्या कंबरभर पाण्यातून दर्शन घेऊन काकू ओल्या पदराने बाहेर आली आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "गरम नाही झाली रे." आमच्यासाठी तीच परीक्षा होती.