मोटार विमा : संपूर्ण हानी आणि न्याय्य भरपाई

अपघातग्रस्त मोटार दुरुस्तीपलीकडे गेली की विमाधारक भरपाईसाठी घासाघीस करू लागतो. वस्तुतः तिचा आधार पॉलिसी घेतानाच निश्चित होतो. उत्पादकाच्या चालू विक्री-किमतीतून वयानुरूप घसारा वजा करून 'विमित घोषित मूल्य', म्हणजेच व्यवहारातील 'आयडीव्ही', ठरते. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकानुसार दोन ते तीन वर्षे वयाच्या वाहनास ३० टक्के घसारा लागतो. ८ लाख रुपयांच्या मोटारीचे मूल्य ५ लाख ६० हजार होते. दुरुस्तीखर्च याच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे ४ लाख २० हजारांहून, अधिक झाल्यास संपूर्ण हानी मानली जाते. अशा दाव्यात आयडीव्ही हेच पॉलिसीच्या मुदतीतील बाजारमूल्य समजावे, त्यावर आणखी घसारा आकारू नये, अशी त्या दरपत्रकातील तरतूद आहे. म्हणून 'बाजारभाव उतरला' या सबबीवर कमी रक्कम देऊ केल्यास संमतीपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी सर्वेक्षण अहवालाची प्रत मागावी व लेखी हरकत नोंदवावी. महिनाभरात कंपनीकडून समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मात्र हप्ता वाचविण्यासाठी आयडीव्ही मुळातच कमी स्वीकारले असल्यास हा मार्ग उपयोगी पडत नाही.