टेनरेक पाळायचाय? आधी त्याचा हिवाळा समजून घ्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' तेवढे गाळलेत, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.

आजचा पाहुणा आहे टेनरेक. मुठीत मावेल एवढा, अंगभर काटे, लांबट नाक. रीलमध्ये दिसला की हट्ट्यात कुणीही म्हणेल, "हे तर साळिंदराचं पिल्लू!" शहरातलं पोरगं म्हणेल, "हेजहॉग आहे." दोघंही चुकले. साळिंदर हा उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी. हेजहॉगचं कूळ वेगळं. आणि टेनरेक? त्याचं जवळचं नातं हत्तीशी आहे. पूर्वी शास्त्रज्ञही त्याला हेजहॉगच्या गटात धरायचे. १९९८ च्या सुमारास जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं, की हत्ती, समुद्रगाय आणि टेनरेक हे एकाच जुन्या आफ्रिकी घराण्यातले आहेत. काटे दोघांनाही आले, पण ते ज्यानं त्यानं स्वतंत्रपणे कमावले.

टेनरेकचं मूळ गाव मादागास्कर. आफ्रिकेच्या पूर्वेला असलेलं हे मोठं बेट. तिथं टेनरेकच्या तीसहून जास्त जाती आहेत. त्यातला 'लहान हेजहॉग टेनरेक' परदेशात काही लोक घरी पाळतात. म्हणून आपल्याकडच्याही काहींना वाटतं, आपणही आणावा.

सगळा घोळ ऋतूचा आहे

हा प्राणी बेटाच्या दक्षिण आणि नैऋत्य भागातल्या कोरड्या जंगलात राहतो. रात्री हिंडतो, किडे खातो, दिवसा झाडाच्या ढोलीत झोपतो. थंडीत, कोरड्या दिवसांत किडे कमी झाले की तो काही महिने शीतनिद्रेत जातो. शरीराचं तापमान आजूबाजूच्या हवेच्या जवळ येतं, हृदयाचे ठोके मंदावतात. हात लावला तर थंडगार लागतो. माहिती नसलेल्या माणसाला वाटतं, गेला बिचारा!

आता गणित बघा. मादागास्कर दक्षिण गोलार्धात आहे. तिथला थंडीचा काळ साधारण मे ते सप्टेंबर. आणि आपल्याकडे मे महिन्यात काय असतं? पारा चाळिशीपार आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यात लोडशेडिंग. ज्या प्राण्याचं शरीर हवेच्या तापमानावर चालतं, त्याला पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर त्यानं करायचं काय? कूलर लावाल, पण वीज गेल्यावर?

खायला काय घालणार?

तुम्ही म्हणाल, किडेच ना, शेतात ढिगानं आहेत! पण आपल्या भागात हळद, कापूस, सोयाबीन. सगळीकडे फवारणी. फवारलेल्या रानातला टोळ किंवा अळी खायला घालणं म्हणजे आपल्या हातानं विष घालणं. परदेशात हौशी लोक खास वाढवलेले रातकिडे आणि अळ्या विकत आणतात, वर कॅल्शियमची पूड भुरभुरतात. ती सोय इथं तुम्हाला स्वतःच उभी करावी लागेल.

आजारी पडला तर?

गावातले जनावरांचे डॉक्टर गाय, म्हैस, शेळी नीट ओळखतात. ती त्यांची रोजची कामं आहेत. आपल्याला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. पण मादागास्करच्या या जिवाला औषधाचा डोस किती, हे सांगणारा माणूस शोधणं सोपं नाही. शिवाय हेजहॉगसारख्या प्राण्यांकडून माणसांना साल्मोनेलाची लागण झाल्याच्या साथी अमेरिकेत नोंदल्या गेल्यात. घरात लहान लेकरं असतील तर हा विचार आधी करा.

आणि कायदा?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आपल्या देशातले वन्यप्राणी घरी ठेवता येत नाहीत. पिंजऱ्यातला आपला साधा हिरवा पोपट आणि स्टार कासवसुद्धा त्यात आले, बरं का! परदेशी प्राण्यांपैकी जे 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, ते ज्यांच्याकडे असतील त्यांना 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

टेनरेकचं नाव सायटीसच्या यादीत नाही. विकणारा नेमकं हेच सांगेल, "भाऊ, एकदम लीगल आहे!" पण यादीत नाव नाही म्हणजे रान मोकळं, असं नसतं. परदेशातून जिवंत प्राणी आणायला सरकारी परवानगी, आरोग्याचा दाखला आणि क्वारंटाइन लागतं. तो आला कुठून, याचे कागद मागा. कागद नसतील तर तो कसा आला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

अंदाजाला मदत म्हणून एक खरी गोष्ट. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या एअर कार्गोमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं एक खेप पकडली. कागदावर होते शोभेचे मासे. आत निघाले अजगर, कासवं, सरडे असे ६६५ प्राणी. त्यातले ११७ मेलेले होते. आपण रीलमध्ये बघतो तो गोंडस चेहरा पोचलेल्याचा असतो. वाटेत मेलेल्याचं रील कुणी टाकत नाही.

आधीच घेतला असेल तर?

घाबरून शेतात सोडू नका. एक तर तो उन्हात किंवा कुत्र्याच्या तोंडी मरेल, नाहीतर तिथं रुजेल. माणसांनी खाण्यासाठी नेलेला मोठा टेनरेक मॉरिशस, रीयुनियन, सेशेल्स या बेटांवर असाच कायमचा पसरलाय. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि खरं काय ते सांगा.

आणि घ्यायचा विचार असेल, तर तीनच प्रश्न स्वतःला विचारा. मे महिन्यात वीज गेली तर याचं काय? रोजचे किडे कुठून आणणार? आजारी पडला तर कुणाकडे नेणार? तिन्हीची उत्तरं नसतील तर तो जीव मोबाईलमध्येच बघितलेला बरा. लळा लावायला गल्लीतली कुत्र्याची पिल्लं आहेतच की. त्यांना इथलं ऊन सोसतं, भाकरी चालते आणि डॉक्टरही गावातच आहे.

हा भाग त्या मित्राला पाठवा, जो पैसे जमवतोय. भेटू पुढच्या भागात!