गृहसंगणकाची चिकित्सा – लेखांक आठवा : कसूर प्रोसेसरचा की मदरबोर्डचा?

मागील दोन लेखांकांत एसएमपीएस आणि रॅम यांच्या परीक्षेचा विचार आपण केला. जो संगणक या दोन्ही परीक्षांतून निर्दोष सुटतो आणि तरीही काम चालू असता अकस्मात बंद पडतो, निळा पडदा दाखवितो, अथवा बटण दाबल्यावर नुसते पंखे फिरवून मूक राहतो, त्याच्याबाबत संशय उरतो तो प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोघांवर. कारखान्याने नेमून दिलेल्या वेगाने चालणारा प्रोसेसर सहसा दगा देत नाही, आणि म्हणूनच दुरुस्तीच्या धंद्यातील जुनी माणसे प्रथम बोर्डाकडे बोट दाखवितात. परंतु ज्या संगणकाचा वेग धन्याने हौसेने वाढविला आहे, म्हणजे जो ओव्हरक्लॉक केलेला आहे, त्याला हा अनुभवसिद्ध नियम सरसकट लागू पडत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी घाईने दिलेला निवाडा पुष्कळ चांगले बोर्ड भंगारात धाडतो.

उदाहरणादाखल इंटेलने जानेवारी २०११ मध्ये बाजारात आणलेला कोअर आय-५ २५००के हा प्रोसेसर घेऊ, कारण हौशी मंडळींनी इतक्या आवडीने वेगवान केलेले प्रोसेसर थोडेच असतील. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, चांगला हीटसिंक बसवून तो ४.५ पर्यंत नेणे ही त्या काळी सर्रास चालणारी गोष्ट होती. आता, गणिती क्रियांत खर्च होणारी शक्ती वेगाच्या सम प्रमाणात आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, या वेगासाठी दाब १.२ व्होल्टवरून १.३५ व्होल्टवर न्यावा लागला असे धरले, तर ती शक्ती सुमारे पावणेदोन पट होते. या वाढीचा परिणाम केवळ उष्णतेत दिसून संपत नाही. चिपच्या आतील सूक्ष्म धातुतंतूंतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू पुढे रेटतात, तंतूंत कोठे पोकळी तर कोठे उंचवटा निर्माण होतो, आणि या प्रक्रियेबाबत जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली मांडलेल्या सूत्रानुसार तंतूचे आयुष्य प्रवाहाच्या घनतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते व तपमान वाढेल तसे अधिकच झपाट्याने आखडते. शिवाय वाढीव दाबाखाली ट्रान्झिस्टर स्वतःही म्हातारे होतात, म्हणजे त्याच दाबावर पूर्वीइतक्या त्वरेने उघडझाप करीत नाहीत. त्यामुळे प्रोसेसरचा ऱ्हास बहुधा क्रमाक्रमाने होतो : पूर्वी १.३५ व्होल्टवर निर्वेध चालणारा वेग काही वर्षांनी १.३८ मागू लागतो, मग १.४० मागतो, आणि धनी जो जो दाब वाढवीत जातो तो तो ऱ्हासाला गती मिळते. आपल्या संगणकाच्या इतिहासात अशी चढती मागणी नोंदलेली असेल, तर संशयाचे पारडे प्रोसेसरकडे झुकते. बोर्डाचे दोष सहसा अशी नियमित चढण दाखवीत नाहीत. थंड असताना तिसऱ्या प्रयत्नाला सुरू होणे, एखादा यूएसबी किंवा एखादा रॅमचा खाचा निकामी होणे, घड्याळ मागे पडणे, अशा विस्कळीत तक्रारी त्याच्या असतात.

परंतु इतिहास ही साक्ष झाली, पुरावा नव्हे. पुरावा गोळा करण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्या. पहिली, डिस्कवरील महत्त्वाच्या मजकुराची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, कारण चुका करणारा प्रोसेसर फायलीही चुकीच्या लिहितो. दुसरी, बायोसच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन मग बोर्डावरील सीआर२०३२ सेल काढून अथवा जंपर जोडून सर्व मांडणी मूळ स्थितीला न्यावी. वाढविलेल्या वेगावर झालेली कोणतीही चूक काहीच सिद्ध करीत नाही, हे सूत्र या सबंध तपासाचा पाया आहे. जो वेग कारखान्याने कबूल केलेला नाही, तो न पेलल्याचा दोष कोणाच्याही माथी मारता येत नाही. मात्र मूळ मांडणीवर आल्यावरही सावध राहावे. त्या काळच्या कित्येक बोर्डांवर डिस्कची पद्धत या उलाढालीत एएचसीआयवरून आयडीईवर जाते, आणि मग विंडोज सुरूच होत नाही. तो नवा बिघाड समजून माणसे घाबरतात, वास्तविक छायाचित्र पाहून ती एक नोंद पूर्ववत केली की काम भागते. याउलट काही बोर्ड मूळ मांडणीतही सर्व कोअर एकदम चढ्या वेगाने चालविण्याची मुभा स्वतःहून घेतात, तेव्हा वेग खरोखर मूळपदावर आला की नाही याची खातरजमा आपण स्वतः करावी, आणि रॅमचे एक्सएमपी हेही एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच असल्यामुळे तेही बंद ठेवावे. जानेवारीत सुरळीत चाललेला आणि मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या बंद खोलीत कोसळणारा संगणक पुष्कळदा या एवढ्यानेच सुधारतो. त्यात बिघडलेले असे काही नसतेच.

मूळ वेगावरही तक्रार कायम राहिली, तर मात्र खरी परीक्षा सुरू होते. जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी लिहिलेला प्राइम९५ हा प्रोग्राम या कामी फार उपयोगाचा आहे. तो प्रचंड संख्यांचे गुणाकार दशांश अपूर्णांकांच्या साह्याने करतो, आणि उत्तरे पूर्णांकांच्या अगदी निकट यावयास हवीत हे त्याला ठाऊक असल्यामुळे, ती पूर्णांकापासून ०.४ हून अधिक ढळली की तो तत्काळ चूक जाहीर करून त्या कोअरचे काम थांबवितो. त्यातील ‘स्मॉल एफएफटी’ ही परीक्षा घ्यावी, कारण तिचे गणित बहुतांशी प्रोसेसरच्या आतील कॅशमध्येच चालते व रॅमचा संबंध फारसा येत नाही. त्याच वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘व्हिया-लॉगर’च्या नोंदी पाहाव्या, १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली पण सावरली गेली, १८ म्हणजे सावरली गेली नाही, आणि दोहोंतही कोणत्या कोअरने ती केली याचा निर्देश असतो.

दर वेळी एकच कोअर चुकत असेल, तर पुष्कळ जण येथेच प्रोसेसरला दोषी ठरवून मोकळे होतात. मला हा निवाडा अपुरा वाटतो. या प्रोसेसरच्या चारही कोअरना बोर्डावरील एकाच मंडलातून वीज मिळते, आणि ते मंडल थकून दाब ढासळू लागला, तर प्रथम पडणार तो चौघांतील सर्वांत दुबळा कोअर, म्हणजे दर वेळी तोच. येथे भेद करण्याचा उपाय असा : बायोसमध्ये टर्बो बंद करावा, म्हणजे वेग कायम ३.३ राहील, आणि मग फक्त त्या संशयित कोअरवर एकट्यावर भार टाकावा. एका कोअरला लागणारा प्रवाह थोडा असल्यामुळे थकलेले मंडलही तो सहज पुरविते. इतक्या सौम्य स्थितीतही तो कोअर चुकला, तर प्रोसेसरचा ऱ्हास जवळजवळ निश्चित समजावा. एकटा असता तो निर्दोष राहिला आणि चौघांवर भार पडताच चुकला, तर उष्णता नियंत्रणात असल्याची खात्री करून संशय बोर्डाच्या वीजपुरवठ्याकडे वळवावा. पडद्यावर दिसणारे व्होल्टेजचे आकडे या प्रसंगी निर्णायक मानू नयेत, कारण ते बोर्डानेच मोजलेले असतात आणि संशयिताच्या जबानीला किती किंमत द्यावी हे उघड आहे.

बोर्डाची प्रत्यक्ष पाहणी थोडक्यात उरकते : कपॅसिटरची फुगलेली माथी, प्रोसेसरला वीज देणाऱ्या आठ पिनांच्या प्लगवरील करपल्याचा डाग, सॉकेटमधील वाकलेली पिन. रॅमचा एक संपूर्ण चॅनल नाहीसा झाल्यास मात्र घाई करू नये. रॅमचा नियंत्रक आता प्रोसेसरच्याच पोटात असल्यामुळे तो दोष प्रोसेसर, सॉकेटची पिन किंवा एका बाजूने अधिक आवळलेला हीटसिंक या तिघांपैकी कोणाचाही असू शकतो. २५००के वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या ६-मालिकेच्या चिपसेटमधील दोष स्वतः जाहीर केला. त्यात २ ते ५ क्रमांकांचे साटा पोर्ट कालांतराने क्षीण होत जातात, आणि त्यांच्याशी जोडलेली डिस्कच बिघडल्याचा भास होतो. ० आणि १ हे पोर्ट त्यातून मुक्त होते. सबब, जुन्या बोर्डावर डिस्क अदृश्य होत असेल, तर तिला ० क्रमांकाच्या पोर्टावर लावून पाहावे.

शेवटचा उपाय अदलाबदलीचा, आणि तीत क्रमाला महत्त्व आहे. मित्राकडून मागून आणलेला चांगला प्रोसेसर आपल्या संशयित बोर्डात बसविण्याची प्रथा मला मुळीच पसंत नाही. बोर्डाचे वीजमंडल बिघडून बारा व्होल्ट थेट प्रोसेसरवर गेले, तर तो क्षणात जळतो, आणि मैत्रीही त्याच्याबरोबर जाते. त्याऐवजी आपला प्रोसेसर चांगल्या चालत्या बोर्डात तपासून घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुने बोर्ड ठेवणारा दुकानदार गाठता आला, तर प्रोसेसर हाती घेऊन जाणे हेच श्रेयस्कर. तेथे मूळ वेगावर तो निर्वेध चालला, तरच नव्या बोर्डासाठी पैसे मोजावे.

नव्या प्रोसेसरच्या धन्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे, कारण २०२४ साली हा प्रश्न ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांच्याही घरात शिरला. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अंतर्गत मायक्रोकोडच चुकीचा, वाजवीपेक्षा अधिक दाब मागत असल्याचे निष्पन्न झाले, आणि त्याचे एक लक्षण म्हणजे खेळ सुरू होताना ग्राफिक्सची स्मृती अपुरी असल्याचा संदेश. बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा त्यात काही अपराध नव्हता. त्या वर्षाच्या ऑगस्टपासून सुधारित मायक्रोकोड बायोसमार्फत मिळू लागला, पण तो पुढील हानी टाळण्यासाठी आहे, झालेली हानी भरून काढीत नाही, आणि इंटेलने खोक्यात विकलेल्या या प्रोसेसरांची हमीही तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. तेव्हा असा प्रोसेसर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी बायोस अद्ययावत करून एकेका कोअरची वरील परीक्षा घ्यावी, आणि एखादा कोअर चुकल्यास बोर्ड, कार्ड किंवा रॅम बदलण्याच्या भरीस न पडता प्रथम हमीखाली प्रोसेसर बदलून मागावा.