टोपी उचला, मोजा, झाका!
शटर नसलेल्या जुन्या लेन्सच्या एक्स्पोजरचा हिशेब

साक्री : तिपाईवर भलामोठा लाकडी कॅमेरा, डोक्यावर काळे कापड घेतलेला छायाचित्रकार आणि लेन्सवरची टोपी उचलून पुन्हा झाकण्याची त्याची लकब. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत हे दृश्य अजून असेल. पण टोपी किती वेळ उघडी ठेवायची, हे तो कसे ठरवीत असे? त्याच्या लेन्सला तर शटरच नव्हते.

हा प्रश्न केवळ गंमतीचा नाही. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मध्ययुगीन दगडी मंदिरांचेच उदाहरण घ्या. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात काम केलेले हेन्री कझिन्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'मीडिव्हल टेम्पल्स ऑफ द दखन' या ग्रंथात त्यांची नोंद घेतली. त्या पिढीतील सर्वेक्षकांना काचेच्या जड निगेटिव्ह सोबत न्याव्या लागत. एका चित्राला एक काच. एक्स्पोजर चुकले, तर सावलीतील कोरीव काम काळ्या डागात हरवे किंवा उन्हातला दगड पांढराफटक होई. आणि जो दगड नंतर ढासळला, त्याचे चित्र पुन्हा घेता येत नाही.

हिशेब कुठे अडतो?

आज असे मोठे कॅमेरे आणि पितळी लेन्स बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कपाटांत किंवा जुन्या बाजारात सापडतात. हौशी मंडळी त्या विकत घेतात आणि पहिल्याच चित्राला फसतात. कारण साधे आहे. लेन्समधून येणारा प्रकाश तिच्या केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागून मोजतात. ३०० मिलिमीटर केंद्रांतराच्या लेन्सचे छिद्र ७५ मिलिमीटर असेल, तर ती 'एफ ४' झाली. खानदेशातल्या लख्ख उन्हात १०० आयएसओची फिल्म वापरली, तर एवढ्या उघड्या छिद्राला सेकंदाचा सुमारे सोळाशेवा भाग पुरतो. हाताने टोपी उचलून झाकायला मात्र एक सेकंद तरी लागतोच. म्हणजे प्रकाश सोळाशेपट जास्त!

हाताचा वेग वाढवून हे साधत नाही. जुन्या छायाचित्रकारांची युक्ती नेमकी उलटी होती. त्यांनी वेळच लांबवली. एक सेकंद मोजताना पाव सेकंदाची चूक झाली, तर प्रकाशात २५ टक्के फरक पडतो. तीच चूक आठ सेकंदांत झाली, तर फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. वेळ लांबली की हाताची चूक आपोआप लहान होते. शटर नसलेल्या लेन्सचे सारे तंत्र या एका गोष्टीत आहे.

वेळ लांबवायची कशी?

पहिला उपाय छिद्र लहान करण्याचा. १८५८ साली जॉन वॉटरहाउस यांनी लेन्सच्या नळीतील खाचेत सरकवायच्या, मधोमध भोक असलेल्या धातूच्या पट्ट्या सुचविल्या. या पट्ट्या हरवल्या असतील, तर जाड काळ्या पुठ्ठ्याच्या कापता येतात. ३०० मिलिमीटरच्या लेन्ससाठी 'एफ ३२' हवे असेल, तर छिद्र सुमारे साडेनऊ मिलिमीटरचे लागते. पुढच्या काचेमुळे ते थोडे मोठे दिसते. म्हणून माप समोरून पाहून घ्यावे.

दुसरा उपाय मंद माध्यमाचा. फिल्मऐवजी छपाईचा फोटो कागद निगेटिव्ह म्हणून वापरला, तर त्याची संवेदनशीलता साधारण आयएसओ ६ धरतात. 'एफ ३२'ला उन्हात दोन तृतीयांश सेकंद लागतो. मोकळ्या सावलीत प्रकाश सुमारे आठपट कमी असतो, तेव्हा पाच सेकंदांहून थोडे अधिक मिळतात. उन्हातच काम करायचे असेल, तर प्रकाश आठपट घटविणारा राखाडी फिल्टर लावूनही तेवढाच वेळ हाती येतो. व्यक्तिचित्रांसाठी १८४० साली व्हिएन्नात जोसेफ पेट्झवाल यांनी रचलेल्या लेन्सचे सौंदर्य मात्र छिद्र मोठे ठेवण्यातच असते. तिथे फिल्टर किंवा खोलीतला मंद उजेडच कामी येतो.

तीन फसगती

पहिली फसगत आकड्यांची. १८८१ साली इंग्लंडमध्ये सुचविलेल्या 'युनिफॉर्म सिस्टिम'चे आकडे काही जुन्या लेन्सवर असतात. त्यात १६ म्हणजे 'एफ १६'च, पण ४ म्हणजे 'एफ ८' आणि ६४ म्हणजे 'एफ ३२'. हा ४ 'एफ ४' समजून वेळ दिली, तर प्रकाश चौथा हिस्साच मिळतो.

दुसरी फसगत भात्याची. जवळची मूर्ती टिपताना कॅमेऱ्याचा भाता ताणावा लागतो आणि प्रकाश विरळ होतो. ३०० मिलिमीटरची लेन्स काचेपासून ४५० मिलिमीटरवर गेली, तर सव्वादोनपट वेळ हवा. ६०० वर गेली, तर चौपट.

तिसरी फसगत रंगाची. फोटो कागद आणि सुरुवातीच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देतात. सकाळ-संध्याकाळच्या तांबूस उजेडात आजचा लाइट मीटर 'भरपूर प्रकाश आहे' म्हणतो, पण कागदाला तो जाणवतच नाही. अशा वेळी मीटरने सांगितल्याहून अधिक वेळ द्यावा लागतो.

हे सारे जुळल्यावर उरते ते टोपी उचलणे. ती झटक्यात ओढायची नाही. आधी अलगद सोडवून लेन्ससमोरच धरायची, कॅमेऱ्याचा कंप थांबू द्यायचा, मग बाजूला करायची. मनात संथपणे मोजायचे आणि झाकायची. कायमची सोय हवी असेल, तर रबरी फुगा दाबून उघडणारे पॅकार्ड शटर किंवा थॉर्नटन-पिकार्डचे पडद्याचे शटर जुन्या लेन्सला बसविता येते. पण त्यावाचून काम अडत नाही.

म्हणूनच शटर नाही म्हणून पितळी लेन्स मोडीत घालण्यापूर्वी थांबायला हवे. बळसाण्यासारख्या ठिकाणी जुन्या छायाचित्राच्याच जागी उभे राहून तेच दृश्य पुन्हा टिपले, तर दगड किती झिजला, काय नाहीसे झाले हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. त्यासाठी कोरीव कामाचा बारकावा निगेटिव्हवर उतरायला हवा, आणि तो उतरतो नीट मोजलेल्या पाच-सात सेकंदांत.