एका डब्याचे अनेक शिल्पकार

आगगाडी फलाटाला लागते. उतारू लगबगीने डब्यात चढतात, सामान फळीवर ठेवतात आणि खिडकीपाशी जागा मिळाली म्हणजे समाधानाने बाहेर पाहू लागतात. आपण ज्या डब्यात बसलो आहोत तो कोणी तयार केला, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि आलाच, तर त्याचे उत्तर एका नावाने देता येत नाही. डब्याचा सांगाडा एका कारखान्यात उभा राहिलेला असतो. त्याची चाके दुसऱ्या कारखान्यात घडलेली असतात. ब्रेक तिसऱ्याने बनवलेले असतात, तर ज्या रुळांवरून तो डबा धावतो ते रूळ भिलाईच्या पोलाद कारखान्यातून आलेले असतात. ही सारी माणसे एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. तरी त्यांनी केलेल्या वस्तू एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागतात. कारण त्या जुळणीवर शेकडो उतारूंचे प्राण अवलंबून असतात.

ही जुळणी आपोआप झालेली नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातील पहिली उतारू गाडी धावली. त्यानंतर निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या भागांत लोहमार्ग टाकले. कोणी रुंद मार्ग पसंत केला, कोणी मीटर मार्ग, तर कोणी त्याहूनही अरुंद. प्रत्येक कंपनीचा आपापल्यापुरता विचार बरोबरच होता. अडचण उभी राही ती दोन मार्ग जेथे भेटत तेथे. मनमाडचे उदाहरण घ्या. मुंबईकडून येणारा मार्ग रुंद आणि हैदराबादकडे जाणारा मार्ग मीटरचा. त्यामुळे एका गाडीतील धान्याची पोती हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढवावी लागत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो मार्ग रुंद होईपर्यंत ही दगदग चालली.

निदान डब्यांचे आणि यंत्रांचे तरी नमुने एकसारखे असावेत, या हेतूने 1930 मध्ये एक मध्यवर्ती मानक कार्यालय स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये लखनौ येथे चाचणी व संशोधन केंद्र निघाले. 1957 मध्ये या दोन्ही संस्था एकत्र करण्यात आल्या आणि आजची रेल्वेची संशोधन, आराखडा व मानक संस्था जन्माला आली. डबा कोठेही बांधलेला असो, त्याचे माप, त्याचे वजन व त्याची मजबुती कोणत्या मर्यादेत असावी, हे ठरविण्याचे काम तिच्याकडे आले.

या मर्यादा किती सूक्ष्म असतात याची कल्पना चाकावरून येईल. आगगाडीचे चाक दुरून सपाट दिसते, पण त्याची धाव किंचित उतरती असते. दोन चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असल्यामुळे दोन्ही सारख्याच वेळा फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडायचे असते. अशा वेळी जोडी थोडी बाहेर सरकते. बाहेरचे चाक आपल्या मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालू लागते. त्यामुळे वळण सुरळीत पार पडते. हा उतार साधारणपणे विसास एक असा धरला गेला आणि रूळही तितकाच आतल्या बाजूस कलता बसविण्यात आला. चाक घडविणारा वेगळा, रूळ अंथरणारा वेगळा. पण दोघांनी एकच आकडा मानला.

या कथेला आणखी एक बोधप्रद भाग आहे. चाके झिजली म्हणजे ती कर्मशाळेत नेऊन पुन्हा कातावी लागतात. झिजता झिजता चाकाला एक विशिष्ट आकार येतो आणि त्यानंतर त्याची झीज मंदावते, असे आढळून आले. तेव्हा आराखडा करणाऱ्यांनी विचार केला, की चाकाला तोच आकार आरंभापासून का देऊ नये? त्याप्रमाणे चाकाचा नवा आकार ठरला. ज्ञान नेहमी आराखड्याच्या कागदावरून कर्मशाळेकडेच जाते असे नाही. कधी कधी ते कर्मशाळेतून कागदाकडेही येते.

जेव्हा आराखडा परदेशातून येतो, तेव्हा सहकार्याची कसोटी अधिक लागते. चेन्नईजवळ पेरांबूर येथील डब्यांचा कारखाना 2 ऑक्टोबर 1955 रोजी सुरू झाला, तो एका स्विस कंपनीच्या साहाय्याने. तेथील पोलादी डब्यांनी देशाची अनेक दशके सेवा केली. परंतु त्या डब्यांत एक उणीव होती. दोन डबे साखळीसारख्या आकड्याने जोडलेले असत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस बफर असत. जोराची टक्कर झाली म्हणजे एक डबा उचलला जाऊन दुसऱ्यावर चढे आणि आतील उतारू चिरडले जात.

म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस लिंके-हॉफमान-बुश या जर्मन कंपनीच्या नमुन्याचे डबे स्वीकारण्यात आले. पुढे कपूरथळा येथील कारखान्यात ते बनू लागले. या डब्यांची जोडणी मधोमध असते आणि ती दोन डब्यांना घट्ट पकडून ठेवते. त्यामुळे एक डबा दुसऱ्यावर चढण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र जर्मनीतील रुळांमधील अंतर 1435 मिलिमीटर आणि आपल्या रुंद मार्गाचे 1676 मिलिमीटर. तेव्हा मूळ नमुना जसाच्या तसा उचलणे शक्य नव्हते.

शिवाय एक वस्तू बदलली की तिच्या शेजारची वस्तूही बदलावी लागते. नवा डबा जुन्या डब्याला सरळ जोडता येईना. दोन्ही प्रकारचे डबे ओढता यावेत म्हणून एंजिनांना दुहेरी सोयीची जोडणी बसवावी लागली. ब्रेक नव्या प्रकारचे असल्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या कामगारांना नवे शिक्षण द्यावे लागले. उतारूंना गाडी सुटताना व थांबताना धक्के जाणवू लागले, तेव्हा जोडणीतही सुधारणा करावी लागली. अखेर 2018 मध्ये पेरांबूरच्या कारखान्याने जुन्या नमुन्याचे डबे बांधणे थांबविले.

डबा तयार झाला म्हणजे काम संपत नाही. तो रिकामा आणि भारासह, निरनिराळ्या वेगांनी पळवून पाहतात; तो किती डोलतो, किती हादरतो याची नोंद यंत्रे घेतात. 2018 च्या डिसेंबरात पेरांबूर येथे बांधलेली एक नवी गाडी, जी पुढे ‘वंदे भारत’ या नावाने प्रसिद्ध झाली, कोटा ते सवाई माधोपूर या मार्गावर ताशी 180 किलोमीटर वेगाने धावविण्यात आली. नव्या गाडीला उतारू नेण्याची परवानगी मिळण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्त तिची तपासणी करतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. आपल्याच कामाची परीक्षा आपणच घेऊ नये, हे तत्त्व यामागे आहे.

कोणतेही यंत्र बहुधा त्याच्या सांध्यापाशी दुबळे असते. अनेक संस्था मिळून केलेल्या कामाचेही तसेच आहे. ‘हे पाहणे माझे काम नव्हे, ते दुसरा पाहील,’ असे दोघांनीही म्हटले, की त्या दोघांच्या मध्ये कोणीच उरत नाही. आणि अपघाताला नेमकी तीच जागा सापडते. म्हणून उत्तम कारागीर आपल्या वस्तूची चोख घडण करून थांबत नाही. ती ज्या वस्तूला भिडणार आहे, तिचाही विचार तो करतो. रात्रीच्या गाडीत आपण निर्धास्त झोपतो, ती झोप अशा अनेक अनोळखी माणसांनी एकमेकांच्या कामाची काळजी वाहिल्यामुळेच आपल्याला लाभलेली असते.