भिजलेल्या गव्हाचा पाव चिकट का होतो?

गहू कापणीला यावा आणि नेमका अवकाळी पाऊस कोसळावा, हे दुखणे आपल्या शेतकऱ्यांना नवे नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने उभी पिके झोपवली, हे पुष्कळांना आठवत असेल. अशा वेळी हाती लागलेला गहू आपण वाळवतो, पाखडतो आणि दळून आणतो. पीठ दिसायला ठीक असते. पण कणीक हाताला चिकटते, पोळी गोडसर लागते आणि पाव भाजला तर वरून काळपट व आतून गिच्च निघतो. घरात बोल लागतो तो चक्कीवाल्याला किंवा सुनेला. खरा दोष दोघांचाही नसतो. तो दाण्याच्या आत काय घडले यात असतो.

दाण्याची शिदोरी

गव्हाच्या दाण्यात वजनाने सुमारे दोन तृतीयांश भाग स्टार्च, म्हणजे पिठूळ सत्त्व असते. ही दाण्यातल्या कोंबाची शिदोरी. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक माळ. ती आहे तशी कोंबाला खाता येत नाही, तिचे तुकडे करावे लागतात. हे काम करणाऱ्या द्रव्याला विकर किंवा एन्झाइम म्हणतात, आणि स्टार्च तोडणाऱ्या विकराचे नाव अमायलेज. आपल्या लाळेतही एक अमायलेज असते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो, तो त्यामुळेच.

गव्हात दोन अमायलेज महत्त्वाची. बीटा-अमायलेज माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी तोडते. अशा दोन मण्यांची साखर म्हणजे माल्टोज. अल्फा-अमायलेज मात्र माळ मध्येच कुठेही तोडते आणि मोठ्या माळेचे भराभर तुकडे करते. चांगल्या वाळलेल्या गव्हात बीटा भरपूर असते, अल्फा जवळजवळ नसते. दाणा भिजला की कोंब जिबरेलिन नावाचे संदेशद्रव्य सोडतो. (द्राक्षबागायतदार ज्याला ‘जीए’ म्हणतात, ते याच जातीचे.) तो संदेश मिळताच कोंड्याच्या आतला थर अल्फा-अमायलेज तयार करू लागतो. शेतात मोड डोळ्यांना दिसण्यापूर्वीच हे सुरू झालेले असू शकते.

हे द्रव्य प्रथम वेगळे काढले 1833 साली फ्रान्समधील पायेन आणि पेर्सो या दोघांनी, मोड आलेल्या सातूतून. विकर म्हणून वेगळे काढलेले ते पहिलेच द्रव्य होय.

पावाला ते लागतेच

मग अमायलेज वाईट का? मुळीच नाही. खमिराला साखर लागते. पिठात स्वतःची साखर शेकडा एक-दोन भागच असते, ती लवकर संपते. पुढची साखर अमायलेज पुरवते. दळताना स्टार्चचे काही कण फुटतात; त्या फुटक्या कणांपासून माल्टोज होते, खमीर ते खाऊन वायू सोडते आणि पाव फुगतो. उरलेल्या साखरेमुळे पावाची साल तांबूस होते. दगडी चक्कीत कण जास्त फुटतात, म्हणून तिचे पीठ पाणी जास्त धरते आणि पोळी मऊ राहते. मिस्सेसाठी लागणारी बेखमीर भाकर पीठ भिजवून लगेच भाजली जाते, तिथे अमायलेजला फारसा अवसरच मिळत नाही.

खरी कसोटी भट्टीत लागते. साठ अंशांच्या आसपास स्टार्च पाणी पिऊन फुगू लागतो. कुरडयांचा चीक ढवळताना तो एकदम घट्ट होतो, तीच ही क्रिया. फुगलेला स्टार्च तोडायला सोपा असतो. गव्हाचे अल्फा-अमायलेज मात्र ऐंशी अंशांच्या जवळपास जाईपर्यंत जिवंत असते. एवढ्या मिनिटांत ते थोडे असेल तर पाव मऊ होतो. जास्त असेल तर स्टार्चचे पातळ पाणी करते, आणि सुरी फिरवली की तिला लगदा चिकटतो.

आपल्याकडे कोरड्या उन्हात पिकलेल्या गव्हाची अडचण उलटी असते, त्यात अल्फा फारच कमी. म्हणून अनेक बेकरीवाले मैद्यात अगदी चिमूटभर माल्टचे पीठ किंवा बुरशीपासून काढलेले अमायलेज घालतात. बुरशीचे अमायलेज भट्टीत लवकर मरते, त्यामुळे पाव चिकट होण्याची भीती कमी असते.

मोजण्याची एक पद्धत स्वीडनमधील हागबर्ग आणि पेर्टेन यांनी घालून दिली. 7 ग्रॅम पीठ 25 मिलिलिटर पाण्यात मिसळून उकळत्या पाण्यात धरायचे, ढवळायचे आणि ढवळणी पेजेतून खाली बुडायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. पेज घट्ट तर सेकंद जास्त. पावाला साधारण 250 ते 300 चांगले. दीडशेच्या खाली आकडा गेला तर गव्हाला मोड आले असे समजावे.

हलव्यात आणि पेजेत

हीच शक्ती माणसाने मुद्दाम वापरली आहे. हैदराबादचा जौजी हलवा समनक, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या गव्हाच्या पिठाचा करतात.

मातांना उपयोगी गोष्ट अशी. घट्ट पेज बाळाला गिळवत नाही, म्हणून आपण पाणी घालतो आणि बाळाचे पोट पाण्याने भरते. मोड आणलेल्या धान्याचे पीठ घट्ट पेजेत मिसळले, तर ती काही मिनिटांत पातळ होते, पण तिच्यातले धान्य कमी होत नाही. 1980 च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने यावर अभ्यास केला. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवावी, एक-दोन दिवस ओल्या फडक्यात बांधावी, उन्हात वाळवावी, मोड चोळून काढावेत, अगदी मंद भाजून दळावे. जास्त भाजल्यास अमायलेज मरते. शिजवलेली पेज थोडी निवली की हे पीठ लहान चमचाभर मिसळावे, पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी आणावी. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूधच द्यावे. ज्वारीचे मोड मात्र या कामी वापरू नयेत. कोवळ्या ज्वारीने गुरांना विषबाधा होते, ते विषारी द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असते.

शेतकऱ्याने काय करावे?

1. दाणा पिकला की कापणी लांबवू नये. पिकलेला दाणा काही काळ झोपेत असतो, तोवर लवकर मोड येत नाहीत. आपल्याला आवडणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या गव्हाची ही झोप सहसा लाल गव्हापेक्षा हलकी असते.

2. आडवे पडलेले व भिजलेले पीक वेगळे कापावे, वेगळे मळावे. ओल्या पेंढ्यांची गंजी घालू नये.

3. दाणा दाताखाली कडक्कन फुटेपर्यंत वाळवावा. साठवणीच्या गव्हात शेकडा 12 पेक्षा जास्त ओलावा नसावा.

4. घरची परीक्षा: खात्रीच्या गव्हाचे आणि भिजलेल्या गव्हाचे दोन-दोन चमचे पीठ वेगवेगळ्या भांड्यांत वाटीभर पाण्यात कालवावे. दोन्ही भांडी उकळत्या पाण्यात ठेवून सारखी ढवळावीत. पाच मिनिटांनी जी पेज पातळ दिसेल तिच्या गव्हाला मोडांचा दोष आहे.

5. असा गहू बियाण्याला ठेवू नये. बुरशी नसेल तर घरी पोळीसाठी थोडा थोडा चांगल्या गव्हात मिसळून संपवावा. बुरशी आलेला गहू माणसांना, गुरांना किंवा कोंबड्यांना घालू नये.

6. विकायच्या चांगल्या पोत्यांत तो गुपचूप मिसळू नये. अमायलेज काम करून संपत नाही. एक माळ तोडली की ते दुसरीकडे वळते. म्हणून थोडा मोडाचा गहू बऱ्याच चांगल्या गव्हाचा पाव बिघडवतो. ग्राहकाला खरे सांगून वेगळ्या भावाने विकावा. त्यात पैसे थोडे कमी मिळतील, पण पुढच्या वर्षी तोच ग्राहक पुन्हा आपल्याच दारी येईल.